'क्लम्झी' म्हणजे नेमके काय?

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागातील आपली बरीच मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यामुळे 'क्लम्झी' हा शब्द आता घरातही ऐकू येतो. मध्ययुगीन इंग्रजीत त्याच्या मुळाशी थंडीने बधिर होण्याचा अर्थ आहे. बधिर हातातून वस्तू निसटते; त्यावरून ज्याच्या हातापायांचा मेळ बसत नाही, तो क्लम्झी.

मराठीत यासाठी एक शब्द पुरत नाही:

धांदरट – घाईने चुकणारा.
वेंधळा – लक्ष नसल्याने विसरणारा, सांडणारा.
धसमुसळा – नको तिथे जोर लावणारा.
गबाळा – कपडे-सामान अस्ताव्यस्त ठेवणारा.
अजागळ – शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या स्तनांवरून आलेला शब्द. म्हणून सर्वांत बोचरा.

बँकेत नवीन असताना कॅश काउंटरवर आमच्या हातून नोटांची गड्डी सुटली. वरिष्ठ फक्त "सावकाश" म्हणाले. 'धांदरट' म्हणाले असते, तर तो शिक्का निवृत्तीपर्यंत पुसला नसता.

काही मुलांना हालचालींचा मेळ साधण्याची खरीच अडचण असते. डॉक्टर तिला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. म्हणून "पेला सांडला, पुसून घे" म्हणावे. "तू वेंधळाच" म्हणू नये.