पळीभर तेल



निवृत्त झालो त्या वर्षी घरच्यांनी मला एक जाड वही आणि चांगलं पेन आणून दिलं. "आता वेळच वेळ आहे. इतिहासाचे सर आहात, लिहा काहीतरी." मी रोज सकाळी अंघोळ-पूजा आटोपून वही उघडून बसायचो. तारीख घालायचो. अर्ध्या तासाने वही मिटायचो. असे दोन महिने गेले. वहीत साठेक तारखा जमल्या आणि मजकूर शून्य.

तेव्हा वाटलं, वय झालं. आज सत्तरी ओलांडल्यावर कळतं की वयाचा त्यात काही संबंध नव्हता. पस्तीस वर्षं मी इतिहासाची उत्तरं सांगत आलो होतो. प्रश्न धड्याखाली छापलेले असायचे. स्वतःला प्रश्न पडायची सवयच मोडून गेली होती. आणि ज्याला प्रश्न पडत नाही तो लिहिणार तरी काय?

ही सवय नेमकी कधी मोडली ते सांगता येणार नाही. पण एक दिवस मात्र मला नीट आठवतो.

१९८०च्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेची सहल चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेली होती. एस.टी.च्या दोन गाड्या, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. मागे सह्याद्रीची रांग, पुढे देवीचं जुनं दगडी देऊळ. मी मुलांना रांगेत उभं करून तिथल्या शिलालेखाची माहिती सांगत होतो.

हा शिलालेख म्हणजे आपल्या खानदेशचं मोठं धन आहे. १२०७ सालचा. 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित होता. त्याचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला एक मठ काढला. कशासाठी, तर आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणि' आणि घराण्यातले इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून! तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग आहे जुन्या मराठीत, कारण तो बाजारातल्या माणसांशी बोलतो. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा वाटा, सुपाऱ्या, आणि जितके घाणे चालतील त्या दर घाण्यामागे पळी पळी तेल, हे सगळं मठाला द्यायचं असं त्यात ठरवून दिलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढे आणला. ते मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरल्या वेळात दगडांवरची अक्षरं लावायची, असा त्यांचा नाद.

एवढं सगळं मी घडाघडा सांगितलं. तेवढ्यात रांगेतून एक हात वर आला. मुलगा तेलघाणा असलेल्या घरातला होता. त्याने विचारलं, "सर, घाण्यामागे म्हणजे कसं? एका यंत्रामागे, का एका घाण्यामागे?"

मला प्रश्नच कळला नाही. मुलं हसली. पुढे चतुर्भुज होऊन नैवेद्याची वाट बघणारे दुसरे सर घड्याळ दाखवत होते. मी म्हणालो, "परीक्षेला नाही ते. चल, रांग मोडू नको."

त्याने हात खाली घेतला. त्या वर्षभरात तो हात पुन्हा वर आलेला मी पाहिला नाही. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. त्याचं कारण मी होतो असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. पण माझ्या तासाला त्याने प्रश्न विचारणं सोडलं, त्याचं कारण मात्र मीच.

असो. आता वहीकडे येतो.

त्या कोऱ्या वहीच्या दिवसांत एका लग्नासाठी धुळ्याला जाणं झालं. मुहूर्ताला अवकाश होता म्हणून राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे शेवटचे दिवस धुळ्यात गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले आणि ९ जानेवारी १९२७ला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांत, धुळेकरांनी त्यांच्या नावाने हे मंडळ काढलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे त्यांच्या खंडांचं नाव मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं होतं. पहिला खंड १८९८, एकूण खंड बावीस. 'टीपा लिहा' मध्ये हमखास येणारा प्रश्न. पण त्या दिवशी तिथे बसून पहिल्यांदा मनात आलं, या माणसाचा रोजचा दिवस कसा जात असेल?

बायको तरुणपणीच गेली. पुन्हा लग्न केलं नाही. स्वतःचं अन्न स्वतः शिजवायचं, गावोगाव हिंडायचं आणि लोकांच्या माळ्यावरची दप्तरं बघायला मागायची. लोक सहज देत नसत. इंग्रजांच्या इनाम कमिशनने अनेकांची इनामं तपासून काढून घेतली होती, त्यामुळे जुना कागद दाखवला तर उरलंसुरलं वतनही जाईल ही धास्ती घराघरात बसलेली. काही ठिकाणी कागदांना वाळवी लागलेली, काही ठिकाणी ते रद्दीत गेलेले. राजवाड्यांची अडचण माझ्याहून किती मोठी! मला लिहायला विषय सुचत नव्हता, त्यांच्यापुढे विषय ढीगभर होता आणि पुराव्याच्या दाराला कुलूप. त्यावर त्यांचा उपाय एकच, पुढच्या दाराशी जायचं.

कागद नसला तर ते शब्द धरत. क्रियापदं, आडनावं, गावांची नावं, काहीही. हा शब्द असा का, कुठून आला, आधी कसा होता? त्यांनी जमवलेल्या धातूंचा कोश त्यांच्या मागे १९३७ साली मंडळानेच छापला. गंमत म्हणजे त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी साफ नाकारल्या. राजवाडे ठामपणे लिहीत आणि कधी कधी ठामपणे चुकत! मला ते वाचून मोठा धीर आला. मास्तरला चुकायची भारी भीती. फळ्यावर चुकलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. मग हळूहळू तो ज्याचं उत्तर पक्कं ठाऊक आहे तेवढंच बोलू लागतो. माझ्या वहीचं कुलूप तिथे होतं.

घरी आल्यावर मी वहीत तारखेखाली एक ओळ लिहिली. "घाण्यामागे म्हणजे यंत्रामागे की एका घाण्यामागे?" वीस-पंचवीस वर्षं उशिरा का होईना.

तेव्हापासून नेम केला. रोज एक प्रश्न लिहायचा. उत्तर त्याच दिवशी सापडलं पाहिजे असं नाही. प्रश्न मोठा असण्याचीही गरज नाही. पहिल्या आठवड्यात तर ओढूनताणून लिहावे लागले. मग हात वळला.

पण लिहूनही कधी गाडी अडते. तेव्हा मी बसून राहत नाही. सूनबाई मेथीची जुडी पुढे टाकते, ती निवडतो. नाहीतर मेहरूणच्या तलावापर्यंत चक्कर मारून येतो. ही युक्ती मी आपल्या बहिणाबाईंकडून घेतली. १८८० साली असोद्यात जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे लग्न, तिशीत वैधव्य, तीन मुलं, शेती. लिहिता-वाचता येत नाही. अडचणी मोजायच्या तर यादी संपायची नाही. ओव्या सुचायच्या त्या जात्यावर आणि शेतात, हात कामात असताना. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने ऐकून लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. त्यांच्या नावाने आज जळगावात विद्यापीठ आहे. त्यांनी पाहिलं ते काय होतं? चूल, जातं, सुगरणीचा खोपा, मनाचे खेळ. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढचंच. त्या कामाला थांबवून विचार करायला बसल्या असत्या तर घरात भाकरीच झाली नसती! मला वाटतं, हात गुंतले की मन दबा सोडून बाहेर येतं. समोर कोरी वही धरून त्याला हाका मारल्या की ते आणखी आत शिरतं.

आता घाण्याचं काय झालं ते सांगतो.

हल्ली शहरांतून लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं पुन्हा निघाली आहेत. अशाच एका दुकानात मी गेलो आणि मालकाला तोच प्रश्न विचारला. तो हसून म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक घाणा म्हणतं तेव्हा हे यंत्र. आम्ही घाणा म्हणतो तेव्हा एकदा घातलेला माल. दिवसाचे घाणे किती झाले, असं विचारतो ना आम्ही." म्हणजे त्या मुलाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. स्वयंपाकघरातही आपण भज्यांचा पहिला घाणा काढला म्हणतो, तरी मला सुचलं नव्हतं. एका यंत्रामागे ठरावीक पळीभर तेल आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, यात मठाच्या उत्पन्नाचा केवढा फरक! लेखात जितके घाणे 'चालतील' तितके असा भाव आहे, त्यामुळे मला यंत्राचा अर्थ जास्त पटतो. राजवाड्यांना स्मरून ठामपणे लिहितो, चुकलो तर चुकलो.

मग एकातून एक प्रश्न निघत गेले. तेल कशाचं असेल? आज खानदेशात तेल म्हटलं की शेंगदाणा आठवतो. पण भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, १२०७ साली तो इथे नव्हताच. म्हणजे तीळ, करडई, जवस यांपैकी काहीतरी. हे मी जेवताना सांगितलं तर नात म्हणाली, "मग मिरची?" मिरचीही तिकडचीच, पोर्तुगिजांबरोबर आली. नातीचे डोळे एवढे मोठे झाले. "म्हणजे चांगदेवाच्या मठात भरीत मिरचीशिवाय?" वांगं होतं, मिरची नव्हती. मिरी असेल, आलं असेल. तिने ते आईला सांगितलं, आईने माहेरी फोन करून सांगितलं. एका पळीभर तेलावर आमच्या घरात आठवडाभर दिवा जळत होता म्हणा ना!

त्या लेखातली मला आज सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. राजाने आणि सरदाराने एकदाच मोठं दान दिलं आणि काम संपलं असं तिथे झालं नाही. पेठेतल्या तेल्याने, वाण्याने, गिऱ्हाइकाने थोडं थोडं द्यायचं, देतच राहायचं. मठात राहून शिकायचं तर रात्री दिवा लागतो, दोन वेळा फोडणी लागते. शिकणं चालू राहायला रोजच्या रोज पळीभर काहीतरी घालावं लागतं, हे आठशे वर्षांपूर्वीच्या पाटणकरांना ठाऊक होतं.

आणखी एक. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्यानंतर ग्रहगणिताचा एक ग्रंथ त्यांनी ११८३च्या सुमारास, म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षाच्या आसपास लिहिला. त्याचं नाव 'करणकुतूहल'. या वयात ग्रंथाच्या नावात कुतूहल घालणारा माणूस! तो ग्रंथ वाचण्याइतकं गणित माझ्याकडे नाही, पण नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

माझी पाचवी वही सध्या चालू आहे. त्या मुलाची भेट अजून झालेली नाही. आता तोही पन्नाशीच्या पुढे गेला असेल. नाव लिहीत नाही, पण आमच्या गावाकडच्या कोणी हे वाचलं आणि तो भेटला तर माझा निरोप द्या. म्हणावं, सरांनी घाण्याची चौकशी केली. तुझा प्रश्न बरोबर होता. आणि घरी ये, पळी केवढी होती ते अजून विचारायचं राहिलंय.