बांधावरची परात

आज आपण स्पेन देशातल्या एका भाताचा इतिहास ऐकू या. त्याचं नाव पाएया. पाएया हे खरं तर भांड्याचं नाव. रुंद, उथळ, दोन कानांची लोखंडी परात. तिच्यात शिजतो म्हणून भातालाही तेच नाव पडलं.

हा भात समुद्रकाठच्या वालेन्सिया भागातला. तिथे भातशेती रुजवली अरबांनी, हजारेक वर्षांपूर्वी. पाटाचं पाणीही त्यांनीच खेळवलं. १२३८ साली ख्रिस्ती राजाने वालेन्सिया जिंकलं, पण पाट राहिले, भातही राहिला. पाण्याचे तंटे मिटवणारी शेतकऱ्यांची पंचायत आजही दर गुरुवारी तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात बसते.

ही शेती सुखाची नव्हती. खाचरात उभं पाणी, त्यावर डास. हिवतापाच्या भीतीने राजांनी भातावर वेळोवेळी बंधनं घातली. तरी पोटासाठी माणसं चिखलात उतरतच राहिली.

त्यांचं दुपारचं जेवण शेतातच शिजायचं. तिवईवर परात, खाली संत्र्याच्या फांद्यांचा जाळ. कोंबडी, ससा, कधी गोगलगायी, शेंगा, टोमॅटो, केशर. जवळ असेल ते घालायचं. आधी मांस तेलात परतायचं, मग भाजी आणि पाणी. उकळी आली की तांदूळ पसरायचा आणि पुढे अजिबात ढवळायचं नाही. भाताचा थर पातळ, म्हणून आच सगळीकडे सारखी लागते. आधी मोठी, मग मंद. निखाऱ्यांच्या शेगडीवर करायचा तर निखारे परातीएवढे पसरावे लागतात. बुडाची खरवड सगळ्यांच्या आवडीची. परातीभोवती बसून प्रत्येकाने लाकडी चमच्याने आपल्यापुढचाच भात खायचा, ही जुनी रीत.

२०२१ साली वालेन्सियाच्या सरकारने हा मजुरांचा भात सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला.

एक गोष्ट मात्र आम्हाला विचार करायला लावते. तिथेही रोजची चूल बाईची. पण रविवारी अंगणात पाएया रांधायला पुष्कळदा पुरुष पुढे होतात. चूल चारचौघांत आली की रांधणाऱ्याचं नाव होतं. घरातल्या चुलीचं नाव कोण घेतं?

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करू या. लावणीच्या दिवसांत आपल्या आज्या बांधावर काय शिजवायच्या, ते गटाच्या वहीत लिहू. पदार्थ लिहू, कृती लिहू आणि पुढे रांधणारीचं नावही लिहू.