दगडी हत्ती आणि संग्रहालयाची बाग

१/ बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या शिवलेणीला लोक ‘हत्तीखाना’ म्हणतात. प्रांगणातील दगडी हत्तींवरून हे नाव पडले. घारापुरीची कथाही अशीच. तेथील प्रचंड पाषाणहत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. अंबाजोगाईचे हत्ती जागेवरच राहिले. घारापुरीचा हत्ती मात्र एका संग्रहालयाच्या बागेत आला.

२/ १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला व त्याचे तुकडे झाले. हे तुकडे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजेच राणीच्या बागेत, आणण्यात आले.

३/ ही बाग १८६२ मध्ये खुली झाली होती. तिच्याच आवारातील संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते.

४/ १९१४ मध्ये तुकडे जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आजही तो संग्रहालयाच्या दालनात नव्हे, बाहेर मोकळ्या आवारात आहे.

५/ इमारतीच्या जीर्णोद्धारास २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये नव्या दालनासाठी वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या वेळी मात्र जुन्या वृक्षांच्या काळजीपोटी नागरिकांनी विरोध केला. तो विरोध अनाठायी नव्हता. येथे आवार म्हणजे इमारतीभोवतीची रिकामी जागा नव्हे. वृक्ष आणि हत्ती हाही संग्रहच आहे. सुधारणेच्या प्रत्येक आराखड्याची कसोटी हीच.