गाव, शिवार आणि भावकी

कोणत्याही गावात देवळाचे काम निघाले की पहिली बैठक पारावर बसते आणि पहिला प्रश्न निघतो तो वर्गणीचा. पट्टी बसवायची कशी? घरटी बसवायची, एकरी बसवायची, की भावकीवार वाटून द्यायची? घरटी बसवली तर चूल पेटते ते प्रत्येक घर गावाचे ठरते. एकरी बसवली तर ज्याच्या नावावर जमीन त्याचा भार मोठा आणि मानही मोठा. भावकीवार बसवली तर थोरल्या भावकीचा हात आधी लागतो. प्रश्न पैशाचा दिसतो खरा, पण त्याच्या पोटात ‘गाव कोणाचे?’ हा फार जुना प्रश्न दडलेला असतो. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी देशावरील गावांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहणे उपयोगाचे होईल असे वाटते.

आपल्याकडील जुन्या कागदांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीत धान्य पिकते आणि पांढरीत माणसे नांदतात. देऊळ पांढरीत असते, पण त्याचा दिवा जळतो तो काळीच्या उत्पन्नावर. देवाच्या नंदादीपासाठी, नैवेद्यासाठी आणि पूजाअर्चेसाठी गावोगाव जमिनी इनाम दिलेल्या होत्या. पुढे इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली, तेव्हा त्या ‘देवस्थान इनाम, वर्ग ३’ या सदरात आल्या. जमीन देवाची, कसणारा गुरव किंवा कोणी कूळ, आणि राखण करणारे सारे गाव, अशी ती व्यवस्था होती.

पांढरीत कोण कोठे राहतो हेही काळीवरून ठरे. पेशवाईपर्यंत देशावरील शेतकऱ्यांचे ठळक दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो ती विकू शके, गहाण ठेवू शके. दुष्काळामुळे वा दंग्यामुळे परागंदा झाला, तरी परत येऊन आपल्या शेतावर हक्क सांगू शके. गावच्या गोतसभेत त्याला बसायला जागा होती. दुसरा उपरी. तो बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा. घाम दोघांचा सारखाच, पण उपऱ्याचा शब्द गावच्या निवाड्यात चालत नसे. इ. स. १८१९ मध्ये एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या मिराशी पद्धतीची मुद्दाम दखल घेतली आहे. एखादे घराणे निर्वंश झाले, तर त्याच्या जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. माणसे गेली तरी त्यांचे नाव शेताला चिकटून राही. ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. कूळ म्हणजे घराणे, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आपल्या भाषेने नाते आणि शेत एकाच शब्दात बांधून ठेवले आहे.

भावकी म्हणजे एका मूळपुरुषाची संतती. आडनाव एक, देवक एक, सुतक एक. भावकीत सोयरीक होत नाही, म्हणून मुली बाहेर जातात आणि सुना बाहेरून येतात. जमीन मात्र मुलांकडे जाई, तीही सारख्या वाट्याने. त्यामुळे शिवाराचा नकाशा आणि भावकीची वंशावळ शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकीवरून दुसरी वाचता येते. ज्यांचे बांध लागून, ते बहुधा चुलतभाऊ. ज्या विहिरीत चौघांचे हिस्से आणि मोटेच्या ठरलेल्या पाळ्या, ते बहुधा एकाच आजोबांचे नातू.

हे नाते कामाच्या वेळी उपयोगी पडे. भारी काळ्या जमिनीत लाकडी नांगर चालवायला सहा-आठ बैल लागत. साध्या शेतकऱ्याच्या दावणीला एक जोडी असे. मग दोघा-तिघांनी बैल एकत्र करायचे आणि आळीपाळीने एकमेकांची शेते नांगरायची. यालाच सावड किंवा पैरा म्हणत. एखादा अडला तर इर्जिक घालायची : गावाने आपापली औते घेऊन त्याच्या शेतात एक दिवस राबायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे. या व्यवहारात पैसा नव्हता, पण हिशेब होता. ज्याच्या बांधावर आज आपण गेलो, तो उद्या आपल्या बांधावर येणार, हा विश्वास त्याच्या मुळाशी होता. पावसाच्या चार दिवसांत पेरणी उरकली नाही तर वर्ष बुडे, म्हणून नाती राखणे ही शेतीचीच गरज होती.

पण ज्या बांधाने भाऊ जोडले, त्याच बांधाने ते तोडलेही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध केली. तेथे १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१५ च्या सुमारास अवघी सात एकर उरली. त्यातही प्रत्येक भावाला मळईचा वाटा, माळाचा वाटा आणि विहिरीखालचा वाटा हवा, म्हणून एका खात्याचे तुकडे शिवारभर विखुरले. तंटा नको म्हणून केलेली ही वाटणी शेवटी बांधाच्या तंट्यांना कारण झाली. पुढे १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला, पण वाटण्या काही थांबल्या नाहीत. आज ते पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहराचा भाग झाले आहे. जेथे मॅनसाहेबांनी शेतांचे तुकडे मोजले, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत.

गावाचा गाडा नुसत्या शेतकऱ्यांवर चालत नसे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग असे बलुतेदार वर्षभर काम करीत आणि सुगीला खळ्यावरून आपल्या हक्काच्या पेंढ्या व धान्य नेत. त्यांच्यातही थोरली, मधली आणि धाकटी ओळ असे व तिच्याप्रमाणे वाटा कमीजास्त होई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात ही सारी व्यवस्था तिच्या दोषांसकट मांडली. गावच्या तंट्याचा महजर होई तेव्हा त्यावर पाटलाची निशाणी नांगराची पडे आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करीत. कागदावर का होईना, गाव एका जागी येई.

देवळाच्या दारात मात्र ते तसे येत नसे. हे लिहिल्याशिवाय देवळाचा इतिहास पुरा होणार नाही. वेशीची राखण करणारा, सरकारी सारा पोचवणारा, शिवेच्या तंट्यात ज्याची साक्ष प्रमाण मानली जाई, तो महार वतनदार असूनही देवळाच्या पायरीला शिवू शकत नव्हता. त्याच्या वतनाची जमीन तुटपुंजी आणि तिच्यापायी राबणूक रात्रंदिवसाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच कारणासाठी. हे वतन म्हणजे मान नव्हे, ती गुलामगिरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालचा. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. देवळे किती जुनी आणि त्यांचे दार सर्वांना उघडून किती थोडी वर्षे झाली, हे आपण विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर एका पिढीच्या आत जमिनीचा सारा जुना कागद बदलला. कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने, आणि महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने. १९४८ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. वतन गेले, पण मान राहिले. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून अजूनही कित्येक गावांत आवाज चढतात. हे भांडण पोरकट म्हणून हसण्यासारखे नाही. जुन्या काळी पाटीलकीचा निम्मा हिस्सा विकला, तर खरेदीपत्रात हे मान एकेक करून वाटून लिहीत. मान हा वतनाचा पुरावा होता. आता वतनच उरले नाही, तेव्हा मानापायी भावाने भावाशी कोर्टकचेरी करावी का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या काळात गाव शिवाराबाहेरही वाढले. सातारा, पुणे, रत्नागिरी या भागांतील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. एका गावची माणसे एका खोलीत राहत, गावाच्या नावाने मंडळ काढीत, मनिऑर्डर घरी धाडीत आणि जत्रेला रजा टाकून येत. १९८२ च्या संपानंतर अनेकांचे गिरणीतले काम सुटले. गावी परतलेल्यांना वाटणीत आलेल्या दीड-दोन एकरांवर पुन्हा उभे राहावे लागले. किती गावांच्या देवळांचे कळस या गिरणीच्या घामावर चढले आहेत! त्यांपैकी पुष्कळांच्या नावावर सातबारा नव्हता आणि आजही नाही.

आणि लेकींचे काय? परंपरेने माहेरवाशिणीला चोळी-बांगडी दिली, जत्रेचे बोलावणे दिले, ओटी भरली. जमिनीत मात्र तिचे नाव नव्हते. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही वारसनोंद करताना हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याचा प्रघात घरोघर चालू आहे. बहीण सही करते ती माहेर तुटू नये म्हणून. जमीन सोडून ती नाते राखते. भावाने याचे ऋण मानले पाहिजे, आणि तिने सही केली नाही तरी माहेर तुटणार नाही, असे तिला म्हणता आले पाहिजे.

ग्रामबंधू आणि भगिनींनो, इतिहास सांगतो तो एवढाच : जमिनीने गाव बसवले, नात्याने ते राबते ठेवले, आणि या दोहोंनी काही माणसांना उंबऱ्याबाहेरही ठेवले. आज भारी जमीन ट्रॅक्टर नांगरतो, खळ्यावर बलुते मोजले जात नाही, आणि भावकीतले निम्मे लोक शहरात असतात. सावडीची गरज शेताला उरली नसेल, पण देवळाच्या कामाला ती आहे, कारण कोणत्याही एका भावकीला हे काम पेलणारे नाही.

म्हणून जीर्णोद्धारासाठी पट्टी कशीही बसवली, तरी देणगीदारांची जी पाटी भिंतीवर लागते तिच्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. तीत भावकीचा क्रम नसावा, एकरांचा नसावा, रकमेचाही नसावा. अक्षरांच्या क्रमाने नावे लावावीत. ज्या लेकी सासरहून वर्गणी पाठवतात, त्यांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहावीत. ज्यांनी पैसा न देता दगड वाहिले, माती उपसली, त्यांचीही नावे त्याच पाटीवर असावीत. शंभर वर्षांनी कोणी ती पाटी वाचील, तेव्हा हे देऊळ सगळ्या गावाने बांधले, हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागू नये.