अटलांटा : नगराची नावे आणि नगराचा आरंभ

अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा हिची गणना आज त्या देशातील झपाट्याने वाढणाऱ्या महानगरांत होते. २०२० च्या जनगणनेत मूळ शहराची लोकसंख्या ४,९८,७१५ भरली. भोवतालच्या उपनगरांसह ती ६० लाखांच्या पुढे जाते. या नगराच्या मुद्रेवर ज्वाळांतून वर उठणारा फीनिक्स पक्षी असून त्यासोबत १८४७ व १८६५ ही दोन वर्षे दिलेली आहेत. पहिले वर्ष नगराच्या सनदेचे, दुसरे युद्धानंतरच्या पुनरुभारणीचे. १८८७ मध्ये स्वीकारलेल्या या मुद्रेने नगराच्या इतिहासाची जी चौकट आखून दिली, तीच पुढे रूढ झाली. स्थलनामांच्या अभ्यासकास मात्र ही चौकट अपुरी वाटल्यावाचून राहत नाही. ज्या नगरातील आरंभीच्या वास्तू बव्हंशी नष्ट झाल्या, तेथे नावे हाच जुना दप्तरखाना होय. आणि तो १८४७ च्या बराच मागे जातो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम नगराजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव घेऊ. चॅटाहूची हा शब्द मस्कोगी भाषेतील असून ‘खुणा असलेला खडक’ असा त्याचा अर्थ सामान्यतः दिला जातो. मस्कोगी लोकांना इंग्रज ‘क्रीक’ म्हणत. याच नदीस जेथे पीचट्री नावाचा ओढा मिळतो, तेथे मस्कोगींचे एक गाव होते. १७८२ च्या एका पत्रात त्याचा उल्लेख ‘स्टँडिंग पीचट्री’, म्हणजे ‘उभे पीचचे झाड’, असा येतो. १८१४ मध्ये तेथे एक लहानसा किल्ला बांधण्यात आला व त्याकडे जाणारा रस्ता काढण्यात आला. त्याच रस्त्याचे नाव अटलांटाच्या मुख्य राजमार्गास, पीचट्री स्ट्रीटला, लाभले.

या नावाविषयी एक वाद आहे. पीचची झाडे येथील मूळची नव्हेत, तेव्हा ‘पीच’ हा ‘पिच’ या शब्दाचा, म्हणजे राळ देणाऱ्या पाइन वृक्षाच्या नावाचा, अपभ्रंश असावा, असे कित्येकांचे म्हणणे आहे. परंतु गावाचे मस्कोगी नाव ‘पकानाहुइली’ असे नोंदलेले आहे, आणि ‘पकाना’ या शब्दाचा अर्थ पीच असाच आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात फ्लोरिडाकडे आणलेले हे फळ इंग्रज वसाहतींच्या आधीच मूळ रहिवाशांच्या शेतांत पसरले होते. तेव्हा इंग्रजी नाव हा अपभ्रंश नसून भाषांतर आहे, हा पक्षच अधिक सबळ ठरतो. हा भेद केवळ शब्दनिष्ठ नव्हे. अपभ्रंश मानल्यास हे नाव इंग्रजांच्या उच्चारदोषातून जन्मते. भाषांतर मानल्यास ते मस्कोगींनी ठेवलेले ठरते.

१८२१ च्या तहान्वये मस्कोगींना हा प्रदेश सोडावा लागला. चॅटाहूचीच्या पलीकडे चेरोकी लोकांची वस्ती होती. १८३५ च्या न्यू इकोटा येथील तहाचा आधार घेऊन १८३८ मध्ये त्यांना बळाने पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्या प्रवासात हजारोंचा अंत झाला. या दोन घटनांच्या मध्येच, डिसेंबर १८३६ मध्ये, जॉर्जियाच्या विधिमंडळाने ‘वेस्टर्न अँड अटलांटिक’ या लोहमार्गास मंजुरी दिली. टेनेसीकडे जाणारा हा मार्ग चेरोकींच्या मुलुखातूनच जावयाचा होता. त्याचे दक्षिणेकडील टोक १८३७ मध्ये मुख्य अभियंता स्टीफन लाँग याने मुक्रर केले, आणि तेथील वस्तीस ‘टर्मिनस’, म्हणजे ‘मार्गाचा शेवट’, हे नाव पडले. १८४२ मध्ये सॅम्युअल मिचेल याने दिलेल्या जमिनीवर हे टोक थोडे सरकले. मिचेल स्ट्रीट हे नाव त्याचेच स्मरण देते.

डिसेंबर १८४३ मध्ये या वस्तीचे ‘मार्थाझव्हिल’ असे नामकरण झाले. मार्था ही माजी गव्हर्नर विल्सन लंपकिन याची कन्या. लंपकिन हा या लोहमार्गाचा खंदा पुरस्कर्ता होता. चेरोकींच्या हकालपट्टीचाही तो तितकाच खंदा पुरस्कर्ता होता. पुढे १८४५ मध्ये जॉर्जिया रेलरोडची गाडी पूर्वेकडून येथे पोहोचली. तिचा मुख्य अभियंता एडगर टॉमसन याने ‘अटलांटिक’ या शब्दास स्त्रीलिंगी रूप देऊन ‘अटलांटा’ हा शब्द सुचविला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो अधिकृत झाला. लोहमार्गाच्या नावाचा उत्तरार्ध अशा रीतीने नगरास मिळाला, आणि जो महासागर तेथून शेकडो मैल दूर, त्याचे नाव या अंतर्भागातील वस्तीने धारण केले.

१८४६ मध्ये मेकनहून तिसरा लोहमार्ग येऊन मिळाला. रस्ते लोहमार्गांस समांतर आखले गेल्यामुळे ते एकमेकांस तिरपे मिळतात; अटलांटाच्या मध्यवर्ती भागातील विचित्र कोनांचे कारण हेच. १८५० मध्ये २,५७२ असलेली वस्ती १८६० मध्ये ९,५५४ झाली. तिचा सुमारे पाचवा हिस्सा गुलामांचा होता. १८६३ पासून नगराभोवती जी तटबंदी उभी राहिली, तीही गुलामांच्याच श्रमांनी. २ सप्टेंबर १८६४ रोजी नगर शरण आले, आणि नोव्हेंबरच्या मध्यास जनरल शर्मनच्या सैन्याने त्यातील स्थानके, कारखाने व गोदामे जाळली. ज्या लोहमार्गांनी नगर घडविले, त्यांच्यामुळेच ते शत्रूचे लक्ष्य झाले.

पुनरुभारणी त्वरित झाली. १८६८ मध्ये राजधानी येथे आली. १८६९ मध्ये बांधलेले जॉर्जिया रेलरोडचे मालस्थानक ही नगराच्या मध्यभागातील आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत मानली जाते. परंतु १९०५ चे भव्य टर्मिनल स्टेशन १९७२ मध्ये पाडण्यात आले. मार्गाचे टोक दर्शविणारा ‘शून्य मैलाचा दगड’ही २०१८ मध्ये मूळ जागेवरून हलवून अटलांटा इतिहास केंद्रात ठेवण्यात आला. वास्तू अशा हलतात. नावे त्यांच्या मानाने चिवट असतात.

तथापि नावेही निःपक्षपाती नसतात. ज्यांच्या श्रमांवर नगर उभे राहिले त्या कृष्णवर्णीयांची नावे रस्त्यांना फार उशिरा मिळाली. व्हीट स्ट्रीटचे १८९३ मध्ये ऑबर्न ॲव्हेन्यू झाले. १९०६ च्या भीषण वांशिक हिंसाचारानंतर कृष्णवर्णीयांचे व्यवसाय व संस्था याच रस्त्यावर एकवटत गेल्या, आणि येथेच १९२९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म झाला. या भागास ‘स्वीट ऑबर्न’ हे नाव रूढ करणारे जॉन वेस्ली डॉब्ज यांचे नाव एका रस्त्यास १९९४ मध्ये दिले गेले. त्यांचे नातू मेनार्ड जॅक्सन हे नगराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. २००३ मध्ये त्यांचे नाव विमानतळाच्या नावास जोडण्यात आले. मार्गाच्या टोकाशी जन्मलेल्या या नगराचे आजचे महाद्वार तो विमानतळच होय.

मार्था लंपकिनचे दफन १८५० मध्ये स्थापन झालेल्या ओकलंड दफनभूमीत झाले आहे. १९१७ मध्ये ती निवर्तली, तेव्हा तिच्या नावाचे गाव नकाशावरून जाऊन सात दशके उलटली होती. त्याच भूमीत जॅक्सन यांचीही समाधी आहे. मुद्रेवरील दोन वर्षांत या दोघांपैकी कोणाचीही कथा मावत नाही, आणि पकानाहुइलीची तर नाहीच. म्हणून अटलांटाच्या इतिहासकाराने मुद्रेपाशी न थांबता नदी, ओढा व रस्ता यांच्या नावांपासून आरंभ करणे इष्ट होय.