माहेराने उचललेला भार

रत्नागिरीचा इतिहास सांगताना आपल्याकडे लोकमान्यांचे जन्मघर येते, थिबा राजाचा वाडा येतो, किल्ले आणि बंदरे येतात, हापूसही आवर्जून येतो. बाळंतपणाचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. तो बायकांचा विषय, माजघरात राहणारा, असे मानून लेखणीवाल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. वास्तविक मुंबईच्या कापड गिरण्यांचा धूर ज्या काळात आकाशाला भिडत होता, त्या काळात त्या गिरण्यांचा मोठा खर्च रत्नागिरीच्या शेणाने सारवलेल्या पडव्यांत भागवला जात होता. तो खर्च कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, म्हणून आम्ही आज त्याची थोडी झडती घ्यावयाची म्हणतो.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात राहणारे दोन लाखांहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. शहराची वस्ती तेव्हा पावणेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे रस्त्यावर भेटणाऱ्या पाच मुंबईकरांपैकी जवळजवळ एक आपला. (त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, वेंगुर्लेही होते, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली.) इकडे गावात बायका, म्हातारी माणसे आणि मुले उरली. जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक हे चित्र तेव्हापासूनचे असून अद्याप बदललेले नाही. २०११ च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. चाकरमानी, मनिऑर्डर आणि बोट या तीन शब्दांत त्या काळचे कोकण मावते.

परंतु सगळ्या बायका मागे राहिल्या नाहीत. नवऱ्याच्या पगारात भागेना म्हणून, किंवा नवरा वारला म्हणून, पुष्कळ जणी परळ-लालबागच्या खोल्यांत गेल्या आणि गिरणीच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत कामाला लागल्या. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा भाग स्त्रियांचा होता. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नाईकीण म्हणत. तिची मर्जी राखल्याशिवाय काम टिकत नसे. खाडा झाला की जागा गेलीच. मग दिवस गेलेल्या बाईने काय करावे?

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, शेवटच्या दिवसापर्यंत यंत्रापाशी उभे राहायचे, चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हाती बाळंत व्हायचे आणि अंगात त्राण येण्याआधी पुन्हा कामावर जायचे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने १९२२ मध्ये या बायकांच्या स्थितीची चौकशी केली. त्यांना जे आढळले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. कामकरी आयांची जवळजवळ सगळी तान्ही मुले, शंभरातली अठ्ठ्याण्णव, अफूवर निजवली जात होती. बाळगोळी म्हणत तिला. आई गिरणीत दहा तास उभी, घरात पाहायला कोणी नाही. मूल निजून राहिले तर निदान रडून जीव तरी काढणार नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या आयांना कठोर म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाही.

दुसरी वाट बंदरावरून जाई. सातव्या-आठव्या महिन्यात बोटीत बसून जयगड, दाभोळ, हर्णै किंवा रत्नागिरीला उतरायचे आणि माहेरी जायचे. तिथे आई असे, शेकायला शेगडी असे, कुळथाचे कढण आणि गरम पेज असे, मूल खेळवायला भावजय असे. पण या वाटेलाही समुद्राची अट होती. पावसाळ्यात बोटी बंद. ज्या बाईचे दिवस आषाढ-श्रावणात भरत, तिला वैशाखातच शेवटची बोट गाठावी लागे आणि परतायला नारळी पौर्णिमा उजाडे. एवढे महिने पगार नाही. परत गेल्यावर जागा मिळेल याची खात्रीही नाही.

त्या वर्षांतील मुंबईच्या बालमृत्यूचे आकडे पाहिले तर मन सुन्न होते. १९२१ साली दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावल्याची नोंद आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा आठशेच्याही पलीकडे गेला होता. खोल्यांची दाटी, पाण्याची घाण, आईचा अशक्तपणा ही कारणे खरीच. तरी या आकड्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. पुष्कळ मुले जन्मली कोकणात, म्हणून त्यांचा जन्म मुंबईच्या दप्तरात चढला नाही. आईबरोबर ती काही महिन्यांनी चाळीत आली आणि तिथे वारली. मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरात चढला. भाजक कमी आणि भाज्य जास्त, म्हणून आकडा फुगला. आम्हांला या चुकीच्या गणितातच रत्नागिरीचा खरा इतिहास दिसतो. गावाने बाळंतपण केले, आईला उभे केले, मूल पोसून दिले. शहराने दोघांना वापरले. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळणाऱ्या धर्मगुरूंना ही फाळणी परिचित असते: जन्म आजोळचा, बापाचा पत्ता मुंबईचा. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या आपल्या ख्रिस्ती घरांतून पुरुष बोटींवर गेले आणि बायका साहेबांच्या बंगल्यांत आया म्हणून राहिल्या. दुसऱ्यांची मुले त्यांनी मायेने वाढवली आणि स्वतःची आजीपाशी ठेवली.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी जाऊन सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतो. दिवस गेलेल्या बाईला दुसऱ्या बाईची सोबत लागते, हे इतके जुने ज्ञान आहे. प्रश्न एवढाच, की सोबत नातेवाइकांनी द्यावी आणि खर्चही त्यांनीच सोसावा काय? ज्याने तिच्या श्रमावर नफा मिळवला त्याने काहीच द्यावयाचे नाही काय? १८९१ मध्ये तेरावे लिओ या पोपमहोदयांनी कामगारांविषयीचे परिपत्रक काढून वेतनाच्या न्यायाचा प्रश्न मांडला होता. वॉशिंग्टन येथे १९१९ साली भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामकरी स्त्रियांना प्रसूतीपूर्वी सहा आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे विश्रांती व त्या काळातील निर्वाहाची तरतूद असावी असा करार केला. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्या परिषदेस गेलेले ना. म. जोशी हे कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. त्यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतीभत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले.

पुढचे पाऊल मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात पडले. आसवले यांनी तेथे विधेयक मांडले आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांच्या लहानपणीचा काही काळ दापोलीत गेला. रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. या दांपत्याची पाच अपत्ये, त्यांतला एकटा यशवंत जगला. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला, भाषणापूर्वी बरोबर दोन वर्षे. परळच्या चाळीत राहणाऱ्या त्या बापाला बालमृत्यूचे आकडे दप्तरातून शिकावे लागले नव्हते. तथापि भाषणाचा सूर शोकाचा नव्हता, तर्काचा होता. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोककल्याण हे मुख्यतः सरकारचे कर्तव्य असल्याने या भाराचा मोठा वाटा खरे तर सरकारनेच उचलावयास हवा. परंतु मालक काही उद्योगांत पुरुषांऐवजी बायका ठेवतो तो त्यात त्याला अधिक लाभ असतो म्हणून, तेव्हा त्यानेही वाटा उचलणे न्याय्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दया हा शब्द त्यात कुठे लागत नाही. हे आम्हांला विशेष वाटते, कारण आपण धर्मकार्य करणारी माणसे बाळंतिणीच्या मदतीकडे फार सहज दयेच्या नजरेने पाहतो.

१९२९ मध्ये कायदा झाला. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला प्रसूतीच्या काळात रोज आठ आणे मालकाने द्यावेत अशी तरतूद त्यात होती. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. आठ आणे ही रक्कम लहानच. पण माहेरी जाताना बाईच्या पदराला स्वतःच्या हक्काचे पैसे बांधलेले असणे आणि नुसते भावाच्या दारात उभे राहणे, यांतले अंतर कोकणातल्या लेकीबाळींनाच विचारावे.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याखेरीज ती पुरी होत नाही. कायद्याने भार मालकावर टाकला, पण एकट्या मालकावर टाकला. बाबासाहेबांनी सरकारच्या वाट्याविषयी जे म्हटले होते ते बाजूला राहिले. मालकाने सोपा उपाय शोधला: बाईच ठेवायची नाही. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, खात्यांची फेररचना अशी इतर कारणेही होती आणि ती लहान नव्हती; तरी प्रसूतीभत्ता टाळणे हे त्यांपैकी एक होते, हे नाकारता येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली उतरले. १९६१ मध्ये देशभरासाठी मातृत्वलाभ कायदा आला, बारा आठवड्यांचा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी तो सव्वीस आठवड्यांचा झाला. खर्च मात्र पुन्हा मालकाच्याच माथी. शिवाय हे सारे दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांपुरते. घरकाम करणारी, मिरकरवाड्यावर मासळी निवडणारी, भातलावणीला जाणारी बाई त्या दाराबाहेरच राहिली. तिच्यासाठी पुढे सरकारी योजना आल्या. पैकी २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये देणारी. सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार एकीकडे आणि पाच हजार दुसरीकडे! पोटातले मूल मात्र दोघींचे नऊ महिन्यांचेच.

रत्नागिरी जिल्ह्यात कायदा पोहोचला नव्हता तिथे माणसे पोहोचली. देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. तेच मातृमंदिर. स्वतः लहान वयात वैधव्य आलेली ही बाई सगळ्या तालुक्याची मावशी झाली. रस्ते नाहीत, डॉक्टर नाही, अडलेली बाई डोलीतून आणायची, अशा काळात त्या दोन खाटांचे मोल काय असेल! पुढे तिथेच निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ उभे राहिले. ज्या मुलांना घर नाही आणि ज्या घरांना मूल नाही, यांचा प्रश्न बाळंतपणाच्या प्रश्नाला लागूनच असतो.

त्या बाबतीत आपल्या समाजाला एक गोष्ट माहीत असावयास हवी. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती दांपत्याने अनाथ मूल घरी आणले तर १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली त्यांना केवळ पालक होता येई, आईबाप नव्हे. मूल सज्ञान झाले की कायद्याच्या दृष्टीने नातेच सरे, वारसा नाही. आपल्या घरांतली किती मुले अशी अर्धवट नात्याने वाढली असतील! बालन्यायाच्या २००० च्या कायद्याने आणि त्याच्या २००६ मधील दुरुस्तीने कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. २०१७ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांहून लहान मूल दत्तक घेणाऱ्या नोकरदार आईलाही बारा आठवड्यांची रजा दिली. पोटच्या मुलावाचून राहिलेल्या बाईला ‘तुझी कूस नव्हे, तुझी मायाही मोजली जाते’ असे कायद्याने म्हणायला सत्तर वर्षे घेतली, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्यात थोडी चीड आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि चाकरमानी परतले. आता रत्नागिरीच दुसऱ्यांची मुंबई झाली आहे. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे येतात. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबे येतात. बागेतल्या खोपटात राहणाऱ्या त्या नेपाळी बाईचे माहेर कित्येक दिवसांच्या प्रवासावर आहे. योजनेला आधार कार्ड लागते, ते तिच्यापाशी बहुधा नसते. आशा कार्यकर्ती येऊन लोहाच्या गोळ्या देऊन जाते. सरकारी रुग्णालयात बाळंतपणही होते. त्यानंतरचे चाळीस दिवस बागेच्या मालकिणीवर आणि शेजारच्या घरांवर अवलंबून राहतात. काही घरांनी तिच्यासाठी शेगडी पेटवलेली आम्ही पाहिली आहे. आणि पाचव्या दिवशी मुलाला झोळीत टाकून आंब्याच्या पेट्या भरायला बसलेली बाईही पाहिली आहे.