ऐकूं आलेलीं चित्रें

चित्र पाहावयाचें असतें आणि नभोवाणी ऐकावयाची असते. या दोहोंची सोयरीक जुळेल असें सहसा कोणी म्हणणार नाहीं. तथापि वर्तमानपत्रांतील चित्रमालिका आणि नभोवाणी यांचा अमेरिकेंत एके काळीं मोठा घरोबा होता. त्या घरोब्यांतील सर्वांत गाजलेला प्रसंग १९४५ सालच्या जुलै महिन्यांतला. न्यूयॉर्कसारख्या महानगराच्या मेयरनें ध्वनिक्षेपकासमोर बसून शहरांतील मुलांना चित्रमालिका वाचून दाखविल्या. मेयरच्या लहरी स्वभावाचा एक किस्सा म्हणून ही हकीकत पुष्कळदां सांगितली जाते. पण तिच्यांतील खरा भाग मेयरचा नसून श्रोत्यांचा आहे. आणि तो समजण्यासाठीं त्याच्या वीस वर्षें मागें, शिकागो शहरीं जावें लागतें.

शिकागोचें ‘ट्रिब्यून’ हें बलाढ्य वर्तमानपत्र. त्यांत १९१७ पासून सिडनी स्मिथ याची ‘द गम्प्स’ ही चित्रमालिका येत असे. तींत राजे नव्हते, वीर नव्हते. हनुवटीचा पत्ता नसलेला अँडी गम्प नांवाचा एक बढाईखोर गृहस्थ, त्याची शहाणी बायको मिन, आणि त्यांच्या मध्यम स्थितींतील संसाराच्या कटकटी, एवढाच तिचा पसारा. रोज चार चौकटींत कथा थोडीशी पुढें सरके आणि उरलेली उद्यांवर राही. ही ‘उद्यां’ची युक्ति दिसते तितकी क्षुल्लक नव्हे. १९२५ च्या ऑक्टोबरांत ‘लिट्ल ऑर्फन ॲनी’ ही दुसरी एक मालिका ट्रिब्यूनमध्यें एक दिवस छापावयाची राहून गेली. वाचकांनीं एवढा गिल्ला केला कीं, दुसऱ्या दिवशीं पत्राला पहिल्या पानावर क्षमा मागून दोन दिवसांचीं चित्रें एकदम द्यावीं लागलीं. राजकारणांतील चुकीबद्दल वर्तमानपत्रें पहिल्या पानावर क्षमा मागतात, असा अनुभव कोणत्याही देशांत फारसा येत नाहीं. पुढें १९२९ सालीं स्मिथनें आपल्या मालिकेंतील मेरी गोल्ड नांवाच्या तरुणीला मरूं दिलें, तेव्हां ट्रिब्यूनच्या कचेरीवर पत्रांचा आणि दूरध्वनींचा असा भडिमार झाला कीं, जणूं गांवांतील खरीच लेक गेली होती.

याच ट्रिब्यूनच्या मालकीचें डब्ल्यू. जी. एन्. हें नभोवाणी केंद्र होतें. जी मालिका वाचकांना इतकी प्रिय आहे ती आवाजांत कां उतरवूं नये, असें केंद्राच्या चालकांना वाटलें व त्यांनीं फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल या दोन नटांना गम्प कुटुंबाचा संसार नभोवाणीवर मांडण्याची सूचना केली. दोघांनीं ती मानली नाहीं. दुसऱ्यानें काढलेल्या पात्रांना हात घालण्याऐवजीं आपलीं पात्रें आपण घडवावीं, असा त्यांचा विचार पडला. १९२६ च्या जानेवारींत त्यांची ‘सॅम अँड हेन्री’ ही मालिका सुरू झाली. चित्रमालिकेंतून त्यांनीं चित्र टाकून दिलें आणि ‘उद्यां’ तेवढा उचलला. रोज थोडें सांगावयाचें आणि थोडें राखून ठेवावयाचें, ही जी रीत पुढें नभोवाणीवरील असंख्य क्रमशः कथांनीं पत्करली, तिचें मूळ असें वर्तमानपत्राच्या पानांत आहे. १९२८ पासून हीच जोडी ‘एमॉस अँड अँडी’ या नांवानें बोलूं लागली. आणि दोन-तीन वर्षांत तिची लोकप्रियता एवढी वाढली कीं, कित्येक चित्रपटगृहांचे चालक तेवढ्या वेळेपुरता चित्रपट थांबवून प्रेक्षकांना नभोवाणी ऐकवीत. न ऐकवली तर प्रेक्षक घरींच राहात!

परंतु या प्रकाराला एक काळी बाजूही होती आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. गॉस्डेन व कॉरेल हे दोघेही गोरे होते. आवाज काढीत ते मात्र निग्रो पात्रांचे, आणि तेही मुख्यतः हसूं यावें म्हणून. नभोवाणीच्या श्रोत्याला दिसणारा चेहरा श्रोताच आपल्या मनांत काढतो, हें खरें. पण रंग त्याच्या हातीं दुसराच कोणी देतो. वर्तमानपत्रांतील चित्र खोटें असेल तर तें डोळ्यांसमोर असतें, त्याकडे बोट तरी दाखवितां येतें. कानांतून मनांत उतरलेल्या चित्राकडे बोट कसें दाखवावें? ‘पिट्सबर्ग कूरियर’ या निग्रो समाजाच्या वर्तमानपत्रानें १९३१ सालीं तो प्रयत्न केला. हा कार्यक्रम बंद व्हावा म्हणून त्यानें देशभर सह्यांची मोहीम चालविली. कार्यक्रम बंद पडला नाहीं. तो पुढें कैक वर्षें चालला. पण ज्यांचीं चित्रें काढलीं जात होतीं तेच श्रोते ‘हें चित्र आमचें नव्हे’ असें उघडपणें म्हणूं लागले, ही घटना त्या लोकप्रियतेइतकीच लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

अनाथ ॲनीची गोष्ट याहून सौम्य. हॅरोल्ड ग्रे यानें १९२४ मध्यें काढलेल्या या कुरळ्या केसांच्या मुलीच्या डोळ्यांत बाहुल्याच नाहींत. दोन पोकळ वर्तुळें आहेत, बस्स. तिला हसूं आलें आहे कीं रडूं, हें पुष्कळदां वाचकालाच ठरवावें लागतें. अशी मुलगी नभोवाणीवर सहज रुळली यांत नवल नाहीं. १९३१ पासून तिच्या साहसकथा देशभर ऐकूं जाऊं लागल्या. त्या वेळीं अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी तारांची सोय कार्यक्रमाला मिळालेली नव्हती, म्हणून तेच संवाद शिकागोंत एक नटसंच आणि सान फ्रान्सिस्कोंत दुसरा नटसंच म्हणत असे. म्हणजे एकाच चित्रांतील मुलीला कांहीं काळ दोन आवाज होते, आणि कोणत्याही बालकाला त्यांत विसंगति वाटली नाहीं. कारण ज्याला त्याला आपापला एकच ऐकूं येई.

कार्यक्रमाचा खर्च ओव्हल्टिन या पेयाचे उत्पादक करीत. आपण बोलतों तें कोणी ऐकतें तरी कीं नाहीं, हें त्यांना कळावें कसें? त्यासाठीं त्यांनीं एक तोड काढली. डब्यांतील पातळ धातूची चकती टपालानें पाठवील त्या मुलाला ॲनीच्या गुप्त मंडळाचें सभासदत्व आणि एक भेटवस्तु मिळे. १९३५ पासून या भेटींत सांकेतिक लिपि उलगडणारा बिल्ला असे. कार्यक्रमाच्या शेवटीं निवेदक कांहीं आंकडे वाची. मुलें ते घाईघाईनें कागदावर उतरून घेत, बिल्ल्यावरचें चक्र फिरवीत आणि उद्यांच्या कथेसंबंधीं एखादा त्रोटक निरोप अक्षर-अक्षर जुळवून वाचीत. व्यापाऱ्याला श्रोत्यांची मोजदाद हवी होती. मुलांना मात्र आपल्याला कोणी ओळखतें, एवढें पुरेसें होतें. चकत्यांच्या राशींकडे पाहून जाहिरातदारांनीं मुलांच्या भोळेपणाचा हिशेब केला असेल. पण ओव्हल्टिन न आवडतांही घशाखालीं घालणाऱ्या त्या मुलांना भोळें म्हणावें कीं जिद्दी?

कधीं कधीं आवाजानें चित्राला उलट देणगीही दिली. ‘सुपरमॅन’ची नभोवाणी मालिका १९४० च्या फेब्रुवारींत सुरू झाली. वार्ताहर क्लार्क केंटचा संपादक पेरी व्हाइट हा प्रथम तिच्यांत बोलला. त्याला चेहरा मागाहून मिळाला. ज्याच्यापुढें तो महावीर हतबल होतो तें ‘क्रिप्टोनाइट’ नांवाचें द्रव्यही १९४३ सालीं प्रथम कानांवर आलें आणि चित्रांत कांहीं वर्षांनीं उतरलें. १९४६ मध्यें तर या मालिकेनें कू क्लक्स क्लॅनसारख्या वंशद्वेष्ट्या टोळीला, नांव थोडें बदलून, सोळा भागांच्या कथेंतील खलनायक केलें. श्रोते बहुतेक मुलें होतीं, हें ध्यानांत घेतां ती निवड धाडसाची होती.

आतां न्यूयॉर्क. शनिवार, ३० जून १९४५ रोजीं तेथील आठ मोठ्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहून नेणाऱ्या कामगारांनीं संप पुकारला. छापखाने चालू होते. कागद होता, शाई होती, बातम्या तर उदंड होत्या. जपानशीं युद्ध चालू होतें. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर चारच दिवसांपूर्वीं सह्या झाल्या होत्या. इंग्लंडांत ५ जुलैला मतदान व्हावयाचें होतें, आणि इकडे हिंदुस्थानांत सिमल्याच्या परिषदेकडे सर्वांचे डोळे लागले होते. ती परिषद १४ जुलैला निष्फळ होऊन संपली, तेव्हांही न्यूयॉर्कमधील संप चालूच होता. छापलेलें पान वाचकाच्या दारापर्यंत पोंचविणारा माणूस थांबला कीं, संपादकाची लेखणी आणि यंत्राची चपळाई कशी पांगळी होते, हें त्या सतरा दिवसांत दिसलें. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत अंक विकत मिळत, म्हणून तेथें लोकांच्या लांबच लांब रांगा लागूं लागल्या.

मेयर फिओरेल्लो ला गार्डिया हे बुटके, स्थूल, कमालीचे चळवळे गृहस्थ. बाप इटालियन, आई यहुदी. तरुणपणीं एलिस बेटावर परदेशांतून येणाऱ्यांचे दुभाषे म्हणून त्यांनीं नोकरी केलेली. १९३४ पासून ते मेयरच्या खुर्चीवर होते, आणि जुगाराचीं यंत्रें स्वतः घणानें फोडण्यापर्यंत त्यांच्या उत्साहाची मजल गेली होती. न्यूयॉर्क नगरपालिकेचें स्वतःचें डब्ल्यू. एन्. वाय. सी. हें नभोवाणी केंद्र आहे असें त्या काळीं अभिमानानें सांगतां येई. त्यावरून ला गार्डिया दर रविवारीं नागरिकांशीं बोलत. बाजारांत काय स्वस्त आहे तें गृहिणींना सांगत, जुगाऱ्यांना आणि लबाड व्यापाऱ्यांना दम भरीत, आणि शेवटीं श्रोत्यांना धीर व सोशिकपणा यांची आठवण देऊन निरोप घेत.

संपांतील रविवार उजाडला. रविवारचा अंक म्हणजे रंगीत चित्रांची पुरवणी. अमेरिकन घरांत ती मुलांच्या हातीं प्रथम जावयाची आणि बापाला उरलेला अंक मिळावयाचा. ती पुरवणी त्या दिवशीं आलीच नव्हती. मेयरनीं ती समोर पसरली, मुलांना जवळ या म्हणून हांक दिली आणि ‘डिक ट्रेसी’ हें गुप्त पोलिसाचें कथानक वाचावयास घेतलें. वाचावयास म्हणणें अपुरें होईल. ते प्रत्येक पात्राचा आवाज बदलीत, उद्गार काढीत, कोठें काय घडत आहे तें एका वाक्यांत सांगून लगेच संवादावर येत. ट्रेसीच्या त्या कथेंत पापाच्या पैशाचा घोळ होता. तेव्हां असल्या पैशानें कुणाचें भलें होत नाहीं, दुःख आणि बदनामीच पदरीं येते, असा उपदेशही त्यांनीं मुलांना करून टाकला. तो त्यांच्या स्वभावाला धरूनच होता. अनाथ ॲनीचीही पाळी पुढें आली.

कोंकणांत पिंगुळीचा चित्रकथी पोथींतील एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायणांतील कथा गातो. लोकांचे डोळे चित्रावर आणि कान गाण्याकडे. न्यूयॉर्कच्या या चित्रकथ्याजवळही चित्र होतें, पण श्रोत्यांना तें दिसत नव्हतें. तरीही त्यांचें अडलें नाहीं, कारण ट्रेसीचें गरुडासारखें नाक आणि ॲनीचे पोकळ डोळे त्यांना वर्षानुवर्षें पाठ होते. मेयरनीं सर्व चित्र वर्णन करून सांगितलें असतें तर मुलें कंटाळलीं असतीं. त्यांना हवा होता तो फक्त पुढचा भाग. आणि चौकटी काढण्याचें काम त्यांनीं स्वतःकडे घेतलें. मेयर हें मतांसाठीं करीत होते असें कोणास म्हणतां येईल. पण पुन्हां निवडणुकीस उभें न राहण्याचा आपला निश्चय त्यांनीं त्याआधींच जाहीर केला होता.

संप चालू असतांनाच बर्नार्ड बेरेल्सन या समाजशास्त्रज्ञानें मॅनहॅटनमधील सुमारें साठ माणसांना गांठून वर्तमानपत्रावांचून त्यांचें काय अडतें, हें बारकाईनें विचारलें. त्याचा निबंध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. जगाच्या घडामोडी कळत नाहींत, असें बहुतेकांनीं गंभीरपणें सांगितलें. पण कोणती बातमी चुकल्यानें चुटपुट लागली, असें विचारतां फार थोड्यांना नांव घेतां आलें. मग खऱ्या अडचणी बाहेर पडल्या. कोणी ओळखीचें वारलें तर कळणार कसें? दुकानांतून काय आलें आहे? गाडींत बसल्यावर हातांनीं करावें काय? घरांतील जुनीं मासिकें कोणी पुनःपुन्हां वाचलीं. सर्वांत गंमत अशी कीं, नभोवाणी चालू असूनही कोणता कार्यक्रम केव्हां आहे हें अनेकांना समजेना, कारण त्याचें वेळापत्रक वर्तमानपत्रांत येत असे! कान उघडे होते, पण त्यांना वाट दाखविणारा कागद नव्हता. मोठ्या माणसांना जें कबूल करण्यास साठ प्रश्नकर्त्यांची चिकाटी लागली असती, तें मुलांनीं पहिल्याच रविवारीं बोलून दाखविलें असेल: काल जेथें थांबलों तेथून पुढें काय झालें, तें सांगा.

१७ जुलैला संप मिटला. ला गार्डिया वर्षअखेर पदावरून उतरले आणि २० सप्टेंबर १९४७ रोजीं वारले. त्यांच्या वाचनाची चित्रफीत मात्र राहिली आहे. चष्मा लावलेले मेयर तींत हात हलवीत ट्रेसीची कथा रंगवून सांगतांना दिसतात. त्याच १९४७ च्या सुमारास हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनीं रविवारची चित्रपुरवणी नभोवाणीवरून वाचून दाखविण्याचा नियमित कार्यक्रम सुरू केला. या वेळीं संप नव्हता. मुलें पुरवणी जमिनीवर उघडून तिच्याभोंवतीं बसत आणि वाचणाऱ्याच्या आवाजाबरोबर एका चौकटीवरून दुसरीवर बोट नेत.